कॅम्पच्या मार्केटात उतरलेला कुपा: टॅग लावलेल्या एका माशाचं प्रकरण

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली पहाट. बेळगावच्या कॅम्पातलं मासळी मार्केट. चोर्ला घाट चढून आलेल्या टेम्पोतून बांगडा आणि सुरमईच्या क्रेटांसोबत एक मोठा कुपा, म्हणजे ट्यूना, उतरतो. काट्यावर ३६ किलो. पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या बुडाशी बोटाएवढी लांब, शेवाळ धरलेली प्लॅस्टिकची नळी लोंबते आहे. मावशींनी सत्तूर उचललेला, तेवढ्यात जवळ उभ्या असलेल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती दिसते.

"मावशी, जरा थांबा. डोकं, पोट काहीच काढू नका."

"थांबते रे बाळा, पण साडेसातला हॉटेलवाला येतोय. त्याला तुकडे करून द्यायचेत."

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. मासा उदाहरणाचा, त्याची मापंही उदाहरणाची. पण कामाची पद्धत, शास्त्र आणि होणाऱ्या चुका खऱ्या आहेत. ट्यूनाचा प्रवास आणि आहार शोधायचं काम जहाजावर चालतं, त्याचा बाजाराशी काय संबंध, असं पुष्कळांना वाटतं. पण शास्त्रज्ञांनी क्रमांकाची नळी, म्हणजे टॅग, लावून समुद्रात सोडलेला मासा जाळ्यातून, बंदरातून आणि आडतीवरून कुणाच्याही लक्षात न येता निसटला, तर तो शेवटी सापडतो कापणाऱ्याच्या हाताखाली. तो हात खानापूरचा, निपाणीचा किंवा कॅम्पातला असू शकतो.

हाताशी अर्धा तास आहे. सगळ्यात आधी टॅग ओढून काढण्याचा मोह आवरायचा. टॅग जिथे आहे तिथेच ठेवून, माशासकट आणि शेजारी पट्टी धरून फोटो घ्यायचा. मग शेवाळ अंगठ्याने पुसून क्रमांक वाचायचा. तो बहुधा नळीच्या दोन्ही टोकांना छापलेला असतो, त्यामुळे एका टोकाची शाई गेली तरी दुसरं टोक वाचता येतं. अक्षर आणि अंक दोन्ही लिहायचे आणि दुसऱ्या माणसाने ते मोठ्याने वाचून ताडायचे. ८ चा ३ झाला तर मासा दुसऱ्याच समुद्रात सोडलेला निघतो.

त्यानंतर लांबी. इथे हमखास चुकतं. ट्यूनाची लांबी मोजतात ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, शेपटीच्या टोकापर्यंत नव्हे. एवढ्या माशात त्या दोन मापांत सात-आठ सेंटिमीटरांचा फरक सहज पडतो. शिवण्याची टेप अंगावरून फिरवली तर पोटाच्या गोलाईमुळे आकडा आणखी वाढतो. साधा उपाय असा: मासा फळीवर आडवा ठेवायचा, तोंडाच्या टोकाशी आणि खाचेशी फळीवर खडूने खूण करायची, मासा उचलायचा आणि फळीवरचं अंतर मोजायचं. आपल्या माशाचं ते १२० सेंटिमीटर भरलं. या जातीच्या लांबी-वजनाच्या सूत्राने १२० सेंटिमीटरला साधारण ३६ किलो येतात, म्हणजे काटा आणि फळी एकमेकांशी जुळले. जुळलं नसतं तर आधी लांबी पुन्हा मोजायची, कारण बाजारात काट्यापेक्षा टेपची चूक जास्त होते.

जात ठरवताना बाजारातल्या नावावर अजिबात विसंबू नये. कुपा, गेदर ही नावं आपल्याकडे दोन-तीन जातींना सर्रास लावतात, आणि बिल कानडीत असेल तर वेगळंच नाव येतं. बघायचं ते अंगावर. दुसरा पाठीचा पर आणि त्याच्या खालचा पर विळ्यासारखे लांब, शेपटीकडचे छोटे पर पिवळे आणि काठाला बारीक काळी रेघ, म्हणजे पिवळ्या परांचा ट्यूना, थुनस अल्बाकारेस. छातीचा पर आणि पोटाचा पर यांच्या मधल्या जागेत काळे ठिपके आणि पाठीवर तिरप्या नागमोडी रेघा असतील तर तो किनाऱ्यालगतचा लहान गेदर. पोटावर लांबट काळे पट्टे असतील तर स्किपजॅक. मोठ्या डोळ्यांचा बिगआय बर्फात राहिल्यावर पिवळ्या परांच्या माशासारखाच दिसू लागतो. तेव्हा यकृत बघावं: बिगआयच्या यकृताच्या खालच्या बाजूला बारीक रेघा असतात, पिवळ्या परांच्या माशाचं गुळगुळीत असतं. मात्र यकृत आधीच कचऱ्याच्या डब्यात गेलेलं नसावं.

आता प्रश्न मावशींना: मासा कुठला आणि कधीचा? उत्तर आलं, "गोव्याचा, कालचा. जाळ्याचा आहे." या तीन शब्दांपैकी एकही जसाच्या तसा नोंदवहीत उतरवता येत नाही. "कालचा" म्हणजे काल संध्याकाळी टेम्पोत चढलेला. बरेच दिवस समुद्रात राहणारी होडी असेल तर मासा त्याआधी चार-सहा दिवस बर्फात असू शकतो. "गोव्याचा" म्हणजे गोव्याच्या धक्क्यावर उतरलेला. तो मालप्याहून किंवा रत्नागिरीहून आलेल्या होडीतलाही असू शकतो. आणि "जाळ्याचा" ही तर नुसती सवय आहे: बाजारात येणारा बहुतेक मासा जाळ्याचाच, म्हणून हाही जाळ्याचा. मावशी खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापर्यंत जेवढी माहिती पोचली तेवढी त्या सांगतात. म्हणून क्रेटवरची खूण, टेम्पोवाल्याचा नंबर आणि आडतीचं नाव घेऊन साखळी मागे चालत जायची. ही फोनाफोनी त्याच दिवशी करावी. दोन दिवसांनी होडी पुन्हा समुद्रात गेलेली असते.

आता पोट. साडेसातच्या आत मावशींनी परवानगी दिली ती एका अटीवर: मांसाला धक्का लागता कामा नये. पोट गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत उथळ चिरायचं. अन्ननलिका जिथे जठरात उतरते तिथे आणि जठर जिथे आतड्याला लागतं तिथे सुतळीने घट्ट बांधायचं आणि मग गाठींच्या बाहेरून कापायचं. गाठ न बांधता ओढलं तर अर्धं पोट टेबलावर सांडतं आणि बर्फाच्या पाण्यातून गटारात जातं. पिशवीवर टॅगचा क्रमांक, तारीख आणि लांबी शिसपेन्सिलीने लिहून तोच कागद आत टाकायचा, कारण बॉलपेनची शाई बर्फाच्या पाण्यात फुटते. मग बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेऊन उणे २० अंशांवर गोठवायचं. यकृताचा आणि पाठीच्या पांढऱ्या मांसाचा प्रत्येकी पेढ्याएवढा तुकडा वेगवेगळ्या पिशवीत. डोकंही विकत घ्यायचं. तेही लागणार आहे.

एक सावधगिरी इथेच. ट्यूनाच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा नीट थंड राहिला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन हे बाधणारं द्रव्य करतात, आणि ते शिजवूनही जात नाही. नमुन्यासाठी टेबलावर तासभर पडलेला मासा नंतर गिऱ्हाइकाला देऊ नये. काम बर्फावरच करावं.

प्रयोगशाळेत पिशवी सावकाश वितळवून आतला ऐवज अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ओतला. एकूण ४१२ ग्रॅम. त्यात समुद्रावर थव्यांनी फिरणारे पोहणारे खेकडे, कॅरिब्डिस स्मिथी, नऊ, १४८ ग्रॅम. दोन माकुलांचे अर्धवट पचलेले भाग, १२१ ग्रॅम. खोल पाण्यातल्या, अंगावर उजेडाचे ठिपके असणाऱ्या लहान माशांचे अवशेष आणि ओळख न पटणारा लगदा, ८३ ग्रॅम. आणि ६० ग्रॅमचा बांगड्याचा एक तुकडा.

सगळं प्रकरण या तुकड्यापाशी वळतं. त्याच्या एका टोकाला सुरीचा सरळ काप होता, मधोमध गळ टोचल्याचं भोक होतं, आणि बाकी अन्न गळून गेलेलं असताना हा मात्र जवळजवळ ताजा. ट्यूना भक्ष्य चावून खात नाही, बहुधा अख्खं गिळतो. सरळ काप पडतो तो माणसाच्या सुरीने. म्हणजे हे आमिष होतं. जाळ्यात आमिष नसतं, म्हणजे मासा जाळ्याचा नाही, गळाचा. डोकं पुन्हा तपासलं तर जबड्याच्या कोपऱ्यात फाटलेली जखम सापडली. आडतवाल्याला दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा "जाळ्याचा असेल" याचं "लाँगलाइनचा होता", म्हणजे लांब दोरीवर ओळीने लावलेल्या गळांचा, असं झालं, आणि होडीवाल्याकडून मासा पकडल्याची जागा आली: १५ अंश उत्तर, ७०.८ अंश पूर्व, टेम्पो निघण्याच्या पाच दिवस आधी. धक्क्यापासून सव्वातीनशे किलोमीटर पश्चिमेला.

पोटाने हे आधीच सुचवलं होतं. गोव्यासमोरचा उथळ समुद्र शंभरेक किलोमीटरांवर संपतो. पोहणारे खेकडे आणि अंगावर दिवे बाळगणारे मासे हे त्यापलीकडच्या खोल पाण्यातले. किनाऱ्यालगत पकडलेल्या माशाच्या पोटात तारली, बांगड्याची पिल्लं, कोळंबी मिळायला हवी होती. नुसत्या अन्नावरून जागा ठरवू नये, कारण मासा रात्री खोल पाण्यात खाऊन सकाळी दुसरीकडे सापडू शकतो. पण सांगितलेल्या जागेवर शंका घ्यायला एवढं पुरेसं असतं.

आहाराचा हिशेब मांडताना आमिष आधी वजा करायचं. राहिले ३५२ ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का. पिवळ्या परांचा ट्यूना दिवसाला वजनाच्या सुमारे चार टक्के खातो, म्हणजे या माशाला रोज १ किलो ४०० ग्रॅम लागतात. पोटात एका दिवसाचाही खुराक नाही. त्यात आश्चर्य नाही: ट्यूनाचं जठर साधारण बारा तासांत रिकामं होतं. शिवाय गळाला लागलेला मासा झटापटीत ओकतो. जठर उलटून घशाशी आलेलं दिसलं तर तो मासा "उपाशी" म्हणून नोंदवू नये, त्याचा वेगळा रकाना ठेवावा. रिकामं पोट आणि ओकून रिकामं झालेलं पोट एकाच रकान्यात घातलं की निकाल बिघडतो.

माकुलाच्या चोचींचंही असंच. चाळणीवर दोन माकुलांचं मांस होतं, पण खालच्या चोची १४ निघाल्या. बारा माकुलं आधीच्या दिवसांत खाल्लेली. चोच कायटिनची असते, पचत नाही, जठराच्या घड्यांत अडकून राहते. चोची मोजून "एका वेळी चौदा माकुलं" असं लिहिलं तर माकुलाचं महत्त्व कैक पटींनी वाढतं आणि मऊ अंगाचे प्राणी गायब होतात. म्हणून मांसासकट सापडलेली आणि नुसत्या चोचींची नोंद वेगळी. प्रत्येक भक्ष्यासमोर पचनाची पायरी लिहावी: १ म्हणजे अख्खं, ४ म्हणजे फक्त हाडं, चोची. आणि एका माशावरून "अरबी समुद्रातले कुपे खेकडे खातात" असं वाक्य लिहिता येत नाही. पोटं वाढवत न्यावीत आणि नव्या भक्ष्यांच्या संख्येचा आलेख सपाट होईपर्यंत थांबू नये. त्याला काही डझन पोटं लागतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरून नमुने जवळपास थांबतात, त्यामुळे पावसाळ्यातल्या आहाराची जागा रिकामीच राहते. ती दुसऱ्या महिन्यांच्या सरासरीने भरू नये.

टॅगचा क्रमांक कळवला. टॅगवरच बहुधा संस्थेचं नाव किंवा पत्ता असतो. तो वाचता येत नसेल तर फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुरगाव केंद्र किंवा केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं कारवार केंद्र बेळगावला जवळचं. हिंदी महासागरातली सगळ्यात मोठी टॅगिंग मोहीम २००५ ते २००७ मधे झाली. हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या देखरेखीखाली तेव्हा १ लाख ६८ हजारांहून जास्त ट्यूना टॅग लावून सोडले गेले. अशा साध्या टॅगमधे यंत्र काहीच नसतं. तो दोनच बिंदू देतो: कुठे सोडला, कुठे सापडला. आपल्या माशाचं उत्तर आलं: लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाजवळ, ८.५ उत्तर, ७३ पूर्व, ६२ सेंटिमीटर लांबीचा असताना, २० महिन्यांपूर्वी सोडला.

सोडल्या जागेपासून खऱ्या पकडल्या जागेचं अंतर सुमारे ७६० किलोमीटर येतं. तोच आकडा चुकून गोव्याच्या धक्क्यापर्यंत काढला असता तर ७७० आला असता. म्हणजे अंतर बघून चूक कधीच लक्षात आली नसती. पण नकाशावर मासा किनाऱ्याला धरून सरळ वर आलेला दिसला असता आणि खोल समुद्राशी असलेला त्याचा संबंध पुसला गेला असता. आणखी एक: ७६० किलोमीटर भागिले ६०८ दिवस, म्हणजे दिवसाला सव्वा किलोमीटर. ट्यूनाला कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी सतत पोहावं लागतं, थांबला तर गुदमरतो. सेकंदाला एक मीटर धरलं तरी दिवसाचे ८६ किलोमीटर होतात. दोन बिंदूंमधल्या रेषेला प्रवास म्हणू नये. मधे तो कितीदा खाली-वर, पूर्व-पश्चिम फिरला हे त्या नळीला माहीत नाही.

मधला रस्ता सांगणारा टॅग वेगळा असतो: उपग्रहाला निरोप पाठवणारा, ४० ते ६० ग्रॅमचा, माशाच्या पाठीत अडकवलेला. तो ठरावीक अंतराने खोली, तापमान आणि उजेड नोंदवतो. ठरलेल्या तारखेला एक धातूची पिन विजेने गंजवून सुटतो, वर तरंगतो आणि आर्गोस उपग्रहांमार्फत माहिती पाठवतो. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून जागा काढायची ती उजेडावरून, आणि ते गणित बेळगावातूनच समजून घेता येतं. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचं, बेळगाव ७४.५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी येतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे त्यात ऋतुमानानुसार फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१६, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४६. आपला मासा पकडला तिथे माध्यान्ह बेळगावच्या पंधरा मिनिटांनंतर. टॅग पहाटेचा आणि संध्याकाळचा उजेड नोंदवतो, त्यांचा मध्य म्हणजे माध्यान्ह, आणि त्यावरून रेखांश मिळतो. मिनिटभराची चूक झाली तर सुमारे २७ किलोमीटर.

अक्षांश दिवसाच्या लांबीवरून काढतात, आणि तो जास्त दगा देतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस सगळीकडे जवळपास बारा तासांचा. त्या आठवड्यांत कन्याकुमारी आणि कराची यांत टॅगला फरकच कळत नाही. त्यात मासा पहाटे खोल गेला तर उजेड उशिरा दिसतो. म्हणून कच्च्या बिंदूंवर कधीच रेषा मारू नये. टॅगने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाने मोजलेल्या तापमानाशी ताडून, माशाच्या वेगाची मर्यादा घालून संभाव्य पट्टा काढतात. नकाशावर मिळतो तो रस्ता नसतो, पट्टा असतो. भारतात असे टॅग इन्कॉइस (महासागराची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र), केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था आणि फिशरी सर्व्हे यांनी मिळून पिवळ्या परांच्या ट्यूनाला लावले आहेत. खोलीची नोंद अरबी समुद्रात फार मोलाची. इथे सुमारे दीडशे मीटरांखाली प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. मोठ्या ट्यूनाला तो अडवतो आणि वरच्या पाण्यात कोंबून ठेवतो. खेकडे आणि माकुलं रात्री वर येतात तिथेच तो त्यांना गाठतो, आणि तिथेच माणसाचा गळही असतो.

गोठवलेले दोन पेढे इथे कामाला येतात. पोट काल रात्रीचं सांगतं, यकृत काही आठवड्यांचं, पाठीचं मांस काही महिन्यांचं. नायट्रोजनचा जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वजनाने जड अणू, अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण ३.४ सहस्रांशांनी वाढतो. पण अरबी समुद्रात इथेच फसगत होते: प्राणवायू नसलेल्या थरात जिवाणू नायट्रेट मोडतात आणि मुळातलाच नायट्रोजन जड होतो. मासा वरच्या पायरीवरचं खातो की नुसता इथे राहून आला आहे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. अमिनो आम्लं वेगळी करून मोजावी लागतात: फेनिलअ‍ॅलनिन तळाची खूण जवळजवळ जशीच्या तशी ठेवतं, ग्लुटामिक आम्ल पायरीगणिक चढतं. हा खर्च प्रत्येक माशावर करायचा नाही. लांबी, जागा आणि तारीख पक्की असलेल्या माशांवरच करावा. आपल्या माशाची पाच दिवसांची चूक दुरुस्त झाली नसती तर हा पैसा वाया गेला असता.

रसायनाने प्रवास उघड केल्याचं ठळक उदाहरण प्रशांत महासागरातलं. मार्च २०११ मधे फुकुशिमाच्या अणुकेंद्रातून किरणोत्सर्गी सीझियम समुद्रात गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमधे कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पकडलेल्या १५ ब्लूफिन ट्यूनांत सीझियम-१३४ सापडलं. त्याचं अर्धायुष्य फक्त दोन वर्षांचं, म्हणजे जुन्या अणुचाचण्यांमधलं ते असूच शकत नव्हतं. ती पिल्लं जपानजवळ वाढून महासागर ओलांडून आली होती. मात्रा खाण्याच्या सुरक्षित मर्यादेपेक्षा फार कमी होती, पण प्रवासाचा पुरावा पक्का होता.

या प्रकरणात दोन चुका झाल्या. मांसाचा एक जादा तुकडा कुणीतरी सवयीने फॉर्मालिनमधे टाकला. त्याने समस्थानिकांचे आकडे सरकतात आणि डीएनएही तुटतो, त्यामुळे तो निकामी झाला. दुसरं, डोकं रात्रभर बाहेर राहिलं. कानातली खडी, ओटोलिथ, तरीही वाचली, कारण ती चुन्याची. कवटी वरून आडवी कापून मेंदूच्या मागच्या बाजूला चिमट्याने शोधावी लागते, जेमतेम सेंटिमीटरभर, सहज मोडणारी. तिच्यावर रोजची वलयं असतात. सोडताना ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचलं असेल तर अतिनील प्रकाशात त्या दिवसाचं वलय चमकतं. त्या वलयापासून काठापर्यंत मोजलं की २० महिन्यांचा हिशेब टॅगशी ताडता येतो.

कळवण्याच्या कागदावर शेवटी लिहिलं गेलं ते एवढं: टॅगचा क्रमांक, दोन फोटो, पिवळ्या परांचा ट्यूना, यकृत गुळगुळीत, खाचेपर्यंत १२० सेंटिमीटर, फळीवर मोजलेली, ३६ किलो, अख्खा, लाँगलाइन, आमिष बांगडा, १५ उत्तर, ७०.८ पूर्व, होडीवाल्याने सांगितलेली. धक्का गोवा, बाजार बेळगाव, दोन्ही तारखा वेगळ्या. मावशींच्या गाळ्यावर आता मराठी आणि कानडीतली एक पाटी बर्फाच्या पेटीच्या झाकणाला चिकटवली आहे: पाठीवर प्लॅस्टिकची नळी दिसली तर ओढू नका, कापण्याआधी फोन करा.